बत्तीस खण आणि दोनशे चाळीस ताटे

मित्रांनो, मी एक जुने यंत्र आहे. नाशिकच्या भांडी बाजारात रंगनाथशेठांच्या दुकानात, काउंटरच्या डाव्या अंगाला मी बसतो आणि भांड्यांवर नावे घालतो. तुमच्या घरातला एखादा तांब्या किंवा डबा पालथा करून पाहा. बारीक ठिपक्यांनी लिहिलेले कुणाचे तरी नाव दिसेल. लग्नकार्यात शंभर घरची भांडी एकत्र होतात, पण ज्याचे भांडे त्याच्या घरी परत जाते ते या नावाच्या बळावर. माझ्याजवळ एक टणक सुई आहे. ती पत्र्यावर टकटक टकटक ठोके देते, ठिपक्याला ठिपका लागतो आणि नाव उमटते. एकदा उमटले की ते पुसता येत नाही. एवढे ध्यानात ठेवा, म्हणजे माझी पुढची गोष्ट नीट समजेल.

माझा जन्म भांड्यांसाठी झालाच नव्हता. अंबडच्या औद्योगिक वसाहतीत एका पत्र्याच्या शेडमध्ये हर्षल नावाच्या तरुण इंजिनियरने मला जोडले. एका कारखान्याला लोखंडी व्हॉल्ववर नंबर कोरून हवे होते. माझ्या पोटात हर्षलने एक छोटा संगणक बसवला आणि त्याचा प्रोग्रॅमही स्वतःच लिहिला.

संगणकाला अक्षर म्हणजे काय ते कळत नाही. त्याच्याकडे असतात नुसते खण, आणि एका खणात एक आकडा मावतो. या खणाला बाईट म्हणतात. अक्षरांची ओळ अशा खणांत भरून ठेवली की तिला प्रोग्रॅम लिहिणारे स्ट्रिंग म्हणतात. आपण अक्षरमाळ म्हणू. इंग्रजी अक्षर किंवा साधा आकडा एका खणात आरामात बसतो. व्हॉल्वचे नंबर फार तर वीस अक्षरांचे असत. हर्षलने मला बत्तीस खण दिले आणि म्हणाला, "भरपूर झाले."

खरोखरच भरपूर झाले. आठ वर्षे मी कारखान्यात राबलो. हजारो व्हॉल्व माझ्या सुईखालून गेले आणि एकही नंबर चुकला नाही. फोरमन पाहुण्यांना मुद्दाम माझ्यापाशी आणून उभे करी. पुढे कारखान्याने मोठे यंत्र घेतले आणि मला विकायला काढले. तेव्हा रंगनाथशेठांनी मला या दुकानात आणले. त्यालाही सात वर्षे झाली.

हर्षल एक दिवस आला, माझ्यात मराठी अक्षरांचे आकार भरले आणि पहिली चाचणी म्हणून दुकानातल्या लताबाईंचे नाव टाइप केले, 'लता'. छान उमटले. लताबाई तो चमचा घरी घेऊन गेल्या. हर्षल चहा पिऊन निघून गेला, आणि एक गोष्ट त्याच्या मनातून निसटली. मराठीतले प्रत्येक चिन्ह तीन खण घेते. काना असो, वेलांटी असो, अनुस्वार असो, प्रत्येकाला तीन तीन. म्हणजे माझ्या बत्तीस खणांत आता जेमतेम दहा चिन्हे मावणार होती. मला बत्तीस अक्षरांचे म्हणत होते, आणि मी दहा चिन्हांचाच राहिलो होतो.

लताबाई सिन्नरकडच्या. शाळा सातवीपर्यंत, पण हात आणि नजर तयार. माझी खोड त्यांनी महिन्याभरात ओळखली. लांब नाव आले की त्या त्याचे तुकडे करत, एकच भांडे दोनदा-तीनदा सरकवून लावत आणि जोड दिसणार नाही असे काम काढत. माझी दुसरी खोड अशी, की नाव मधोमध घालताना मी अक्षरे मोजण्याऐवजी खण मोजायचो. मराठी नाव मला तिप्पट लांब वाटे आणि मी फार डावीकडून सुरुवात करी. लताबाई मग नावाच्या पुढे मोकळ्या जागा टाइप करून मला उजवीकडे ढकलत. किती जागा टाकायच्या ते त्यांच्या बोटांनाच माहीत होते.

तिसऱ्या खोडीला मात्र त्यांचाही इलाज नव्हता. माझ्याकडे खणांची एकच रांग होती. टाइप केलेले दाखवणारा पडदा तीच रांग वाचायचा आणि सुईही तीच. एकदा लग्नसराईत मी योगेश नावाच्या नवरदेवाच्या घागरीवर ठोके देत होतो. 'यो' झाले होते. गर्दी होती म्हणून लताबाईंनी तोवर पुढच्या गिऱ्हाइकाचे 'वेदिका' हे नाव टाइप केले. खणांतली अक्षरे बदलली आणि सुईने पुढचा मजकूर नव्या नावातून उचलला.

रंगनाथशेठांनी घागर उचलून चष्म्याजवळ नेली. "लताबाई, ही योदिका कोण?"

"असंल कोणी. सोयरीक जुळली असंल दोघांची."

"घागर कोण घेणार आता?"

"योदिका आली का तिला देऊ," असे म्हणून त्यांनी ती घागर फळीच्या मागे सारली. ती आजही तिथेच आहे.

अशा चुका वाढत गेल्या तसे माझे कौतुक आटले. समोरच्या दुकानात प्रकाशाच्या किरणाने कोरणारे चकचकीत यंत्र आले. शेठ फडक्याने माझी धूळ झटकेनासे झाले. शेवटी एके बुधवारी त्यांनी द्वारका चौकातल्या भंगारवाल्याला फोन लावला आणि माझ्या देखतच सांगितले, "शनिवारी अकराला टेम्पो पाठव. लोखंड चांगलं आहे."

त्याच बुधवारी तृप्ती दुकानात आली. पेठ तालुक्यातल्या मुलींच्या वसतिगृहात ती संगणक शिकवते. लहानपणी त्याच वसतिगृहात राहून ती शिकली. दोनशे चाळीस मुलींसाठी दोनशे चाळीस ताटे तिने आधीच सांगून ठेवली होती, प्रत्येकीचे पूर्ण नाव ताटाच्या पाठीवर. ताटे धुऊन पालथी रचतात, म्हणून नाव पाठीवर. मुली सोमवारी सुट्टीहून परतणार होत्या. यादी लताबाईंनी दोन दिवस बसून वहीतून टाइप केली होती. पण एका ताटाला तीनदा लावत बसायला वेळ नव्हता, म्हणून शेठ म्हणाले होते, "एकदाच घाला. जेवढं येईल तेवढं."

"मावायचं नाय," लताबाईंनी बजावले होते.

तृप्तीच्या समोर पहिले ताट लावले. यादीतले नाव होते 'सृष्टी मंगळू भोये'. मी ठोके दिले. 'सृष्टी मं' उमटले, आणि त्यापुढे एक रिकामा चौकोन. पुढच्या चिन्हाच्या तीन खणांपैकी एकच माझ्या रांगेत मावला होता, आणि अर्धवट चिन्हाचे काय करायचे ते मला माहीत नव्हते. दुसऱ्या ताटाचीही तीच गत झाली.

तृप्तीने ताट दोन्ही हातांत धरून बराच वेळ पाहिले.

"असं करा मॅडम," शेठ म्हणाले, "नंबर घाला. एक ते दोनशे चाळीस. आजच्या आज देतो."

"आमच्या वेळी नंबरच होते, शेठ. मी बेचाळीस होते. जेवायला बसलं की हाक यायची, बेचाळीस, ताट पुढं कर. सहा वर्षं." तिने ताट खाली ठेवले. "नावंच हवीत."

"मग दुसरं दुकान बघा. हे यंत्र शनिवारी भंगारात चाललंय."

"याचा प्रोग्रॅम कुणी लिहिलाय?"

माझ्या पाठीवर हर्षलचा फोन नंबर चिकटवलेला होता, पिवळा पडलेला. तृप्तीने तो लावला.

"अजून चालतंय ते?" पलीकडून हर्षल हसला.

"चालतंय. पण बत्तीसच खण का ठेवले, सर?"

"व्हॉल्वच्या नंबरला बत्तीस पुष्कळ होते हो. त्याच्यावर कुणाचं नाव येईल, बापाच्या नावासकट, हे मला कोण सांगणार होतं?" मग स्वतःच म्हणाला, "म्हणजे मीच विचारायला हवं होतं. तुम्हाला सगळा प्रोग्रॅम पाठवतो. हवं ते बदला."

शेठ म्हणाले, "शनिवारी अकरापर्यंत दोनशे चाळीस ताटं नीट झाली तर यंत्र राहील. नाही झाली तर टेम्पो आहेच." माझ्यावर केवढी वेळ आली होती, बघा. माझे सगळे आयुष्य आता या मुलीच्या हातात होते, आणि ताटे वाया घालवायलाही नव्हती. जास्तीची सहा आणलेली, त्यांतली दोन गेली होती.

गुरुवारी सकाळी तृप्ती लॅपटॉप घेऊन आली. पण आधी तिने फळीवरच्या वाट्या खाली काढल्या आणि काउंटरवर ओळीने मांडायला लागली.

"गिऱ्हाइकाला हात टेकवायला तरी जागा ठेवा," शेठ पुटपुटले.

"लताबाई, 'तृप्ती' या नावात अक्षरं किती?"

"दोन. तृ आन् प्ती."

"यंत्राला विचारलं तर ते सांगेल अठरा." तिने अठरा वाट्या मोजून दाखवल्या. मग तीन तीन वाट्यांचे गट केले. "आणि संगणकाची चिन्हं मोजली तर सहा. त, ऋकार, प, पाय मोडायची खूण, त, वेलांटी."

"मंग खरं कोणतं?"

"तिन्ही खरी. किती जागा लागेल ते विचारायचं असेल तर अठरा. कोणकोणती चिन्हं आहेत ते बघायचं तर सहा. आणि डोळ्याला काय दिसतं, तोडायचं कुठं, मधोमध कसं घालायचं, हे विचारायचं तर दोन. हर्षल सरांच्या प्रोग्रॅमला फक्त अठराच माहीत होते, आणि तो त्यालाच लांबी म्हणत होता. म्हणून 'लांबी किती' एवढंच विचारायची सोयच ठेवायची नाही. कशाची लांबी, ते सांगायला लावायचं."

लताबाईंनी एक वाटी उचलली. "आन् ही मधलीच काढली तर?"

"तर कालचा रिकामा चौकोन. म्हणून वाट्या वेगळ्या आणि अक्षरमाळ वेगळी. दोघींची जातच निराळी ठेवायची. वाट्यांचं अक्षर करायचं ते फक्त दारात, मजकूर यंत्रात शिरतो तिथं. तिथं तपासायचं. वाटी कमी निघाली तर तिथंच थांबून सांगायचं, मला हे वाचता येत नाही. एकदा आत आलेल्या अक्षरमाळेत मोडकं काही असताच कामा नये."

मित्रांनो, सात वर्षे मी मोडकी अक्षरे पोटात घेऊन फिरत होतो. दारातच नको म्हणता येते हे मला त्या दिवशी कळले.

गुरुवारभर तिची बोटे चालत होती. मधे लताबाई तिला भाकरी खायला उठवत. बत्तीस खणांची ठरावीक रांग गेली. जेवढे नाव मोठे, तेवढी जागा, असे झाले. मग योदिकेची घागर तिने पाहिली आणि खूप हसली. हसून झाल्यावर लताबाईंना विचारले, "कोरलेलं ताट तुम्हाला बदलता येतं का?"

"नाय. चुकलं तर दुसरं ताट घ्यायचं."

"अक्षरमाळही तशीच करते. एकदा तयार झाली की कुणी हात लावायचा नाही. पडदा वाचू दे, सुई वाचू दे, सगळ्यांना तेच दिसेल. बदल हवा असेल तर नवी अक्षरमाळ. आणि तुम्ही टाइप करत असाल, खोडत असाल, त्याच्यासाठी वेगळी पाटी. पाटीवर हवी तेवढी खाडाखोड करा. मजकूर पक्का झाला की पाटीवरून अक्षरमाळ करायची आणि तीच सुईला द्यायची."

लताबाईंनी परीक्षा घ्यायचे ठरवले. सात वर्षांत ज्या नावांनी त्यांना छळले होते ती सगळी त्यांनी पडद्यावर घातली. ज्योत्स्ना, त्र्यंबक, एका पाठोपाठ एक. प्रत्येकाला त्यांनी विचारले, अक्षरे किती? ज्योत्स्ना दोन. त्र्यंबक तीन. मी अचूक उत्तरे देत होतो. शेठ गिऱ्हाइकाला डबा दाखवता दाखवता मागे वळून बघत होते.

शुक्रवारी दुपारी बारा वाजता ताट लावले. तेच नाव, सृष्टी मंगळू भोये. मी पहिला ठोका दिला आणि माझ्या लक्षात आले की काहीतरी चुकते आहे. नाव पूर्ण होते, अक्षर न अक्षर शाबूत होते, पण सारे उजवीकडे सरकलेले. शेवटच्या 'ये'ला सुई ताटाच्या वळलेल्या काठावर आपटली आणि घसरली.

तृप्तीचा चेहरा उतरला. तिने प्रोग्रॅम वरपासून खालपर्यंत वाचला, कुठे दोन आकडे तपासले, दुसरे ताट लावले. पुन्हा तसेच. आता जास्तीची दोनच ताटे उरली.

"मोजणी बरोबर आहे," ती स्वतःशीच म्हणत होती. "मग मधोमध का येत नाही?"

रंगनाथशेठांनी खिशातून फोन काढला. "टेम्पोवाल्याला पक्कं सांगून टाकतो. मॅडम, तुम्ही कष्ट लय केले. पण काही गोष्टी होत नाहीत."

मी सगळे पाहत होतो आणि मला बोलता येत नव्हते. लताबाई मात्र वाकलेल्या काठाकडे टक लावून पाहत होत्या. ती सरकण्याची रीत त्यांना ओळखीची वाटत होती.

"मॅडम," त्या हळूच म्हणाल्या, "यादी मी टायपलेलीच घेतली ना?"

"हो."

"मंग त्याच्यात माझ्या मोकळ्या जागा हायेत. परतेक नावाच्या पुढं. मशीन डावीकडं पळायचं म्हणून मी सवयीनं घालते. आता ते शहाणं झालं, आन् माझ्या जागा त्याला तिकडं ढकलत्यात."

मग तृप्तीने यादी उघडली. पहिल्या नावापुढे सहा मोकळ्या जागा. दुसऱ्यापुढे पाच. तिसऱ्यापुढे नऊ. दोनशे चाळीस नावे, आणि प्रत्येकाला लताबाईंच्या बोटांनी मोजून दिलेला धक्का. माझी चूक झाकायला त्यांनी इतकी वर्षे जी मेहनत केली, ती आता माझ्या शहाणपणाच्या आड आली होती.

"मी आता एकेक काढत बसते," लताबाई ओशाळून म्हणाल्या.

"नाही. तुमची यादी तशीच राहू दे, तिला हात नाही लावायचा," तृप्ती म्हणाली. "दारात एक काम राहिलं होतं. आत येताना पुढच्या-मागच्या मोकळ्या जागा झाडून नवी अक्षरमाळ करायची. तीन ओळी लागतील. आणि लताबाई, हे मला आठवडाभर सापडलं नसतं."

"फोन ठिवा की शेठ," लताबाई म्हणाल्या. शेठांनी फोन खिशात ठेवला.

साडेबाराला मी पुन्हा सुरू झालो. जास्तीच्या ताटाला हात लावायची वेळच आली नाही. सृष्टी मंगळू भोये, ताटाच्या बरोबर मधोमध, सरळ ओळीत. शेठांनी खिशातली मोजपट्टी काढून डावीकडून मोजले, मग उजवीकडून मोजले आणि ताट बाजूला ठेवत फक्त "पुढचं लावा" म्हणाले.

त्यानंतर मी थांबलो नाही. लताबाई ताट लावत, तृप्ती उचलत, आणि शेठ स्वतः कागदात गुंडाळत. सुई ठोके देत असतानाच लताबाई पाटीवर पुढची दुरुस्ती करत. एका मुलीचे आडनाव चुकले होते, ते त्यांनी चालू कामात सुधारले, आणि सुईखालच्या नावाला धक्कासुद्धा लागला नाही. बारा चिन्हांचे नाव आले, तीस चिन्हांचे आले. लांब नाव दोन ओळींत तोडायची वेळ आली तेव्हा मी शब्दांच्या मधल्या सांध्यावरच तोडले. दिवेलागणीपर्यंत एकशे पंचवीस ताटे झाली. शनिवारी सकाळी सहाला लताबाईंनी दुकानाचे शटर वर केले तेव्हा बाजारात अजून झाडलोट चालली होती.

दहा वाजून वीस मिनिटांनी दोनशे चाळिसावे ताट माझ्या सुईखालून निघाले. शेजारचे दोन दुकानदार येऊन उभे राहिले होते. ज्याच्याकडे किरणाचे चकचकीत यंत्र होते तो म्हणाला, "शेठ, आमचं यंत्र जोडाक्षराला अडतंय. तुमचं हे कसं करतंय?"

"आमचं तयार आहे," रंगनाथशेठ म्हणाले, आणि त्यांनी टेम्पो येऊ नये म्हणून फोन केला. मग खांद्यावरचे फडके काढून माझी धूळ पुसली. कडेच्या खाचांतलीसुद्धा. लताबाई तोंडाला पदर लावून हसत होत्या.

मित्रांनो, मी आता पंधरा वर्षांचा आहे. माझी सुई तीच, पत्रा तोच, मोटरही तीच. मी काल निरुपयोगी होतो आणि आज बाजारात माझ्यापुढे रांग लागते, कारण माझ्या पोटात नाव ठेवायची रीत बदलली. तुमच्यापैकी कुणी मोठेपणी संगणकाच्या भाषा बनवेल, कुणी प्रोग्रॅम लिहील. तेव्हा आपल्याच गावची, सोपी, छोटी नावे घालून चाचणी करू नका. दूरच्या पाड्यावरच्या मुलीचे पूर्ण नाव घालून बघा. ज्या बाई रोज त्या यंत्रापुढे बसतात त्यांना विचारा, तुम्ही कुठे कुठे सांभाळून घेता? आणि जुनी वस्तू चुकते आहे असे वाटले, तर टेम्पो बोलवण्याआधी तिला काय शिकवायचे राहून गेले ते पाहा. तिला तेल-पाणी लागते तशी समजही लागते.

सोमवारी दुपारी तृप्तीचा फोन आला. लताबाईंनी तो माझ्या शेजारी काउंटरवर ठेवला, म्हणून मलाही ऐकता आले. मुली परतल्या होत्या. जेवणाची वेळ झाली, पंगत बसली, वाढपी भाताचे पातेले घेऊन उभे राहिले.

"मग? ताटं आवडली का पोरींना?" लताबाईंनी विचारले.

"भात गार झाला, लताबाई," तृप्ती म्हणाली. "दोनशे चाळीसही जणी ताटं पालथी धरून बसल्यात. बोट फिरवून आपापलं नाव वाचतायत. एकजणही सुलटं करायला तयार नाही."